उजवीकडे धावणारा कोल्हा

माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही! हे मी एकटीच म्हणत नाही, घरातले सगळेच म्हणतात. फक्त म्हणताना त्यांचा सूर जरा वेगळा असतो. सोफ्याखाली गेलेलं बटण मला स्वयंपाकघरातून दिसतं. शेजारच्या खोलीत लेक गप्प झाली की तिच्या तोंडात खडू आहे, खोडरबर आहे की आजोबांच्या चपलेचा अंगठा, हे मी न उठता सांगते. त्यात माझी पदवी इतिहासाची. तेव्हा एका जुन्या बंदुकीचं मूळ शोधून काढायचं, हे काम म्हणजे माझ्या हातचा मळ!

मूळ होतं युरोपात. बंदूक मात्र आमच्या घरात होती. आणि हे वाक्य मला अजूनही शांतपणे लिहिता येत नाही.

सासूसासऱ्यांच्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, हिरव्या कापडात गुंडाळलेली दुनळी बंदूक. सासऱ्यांच्या वडिलांची. परवाना रीतसर सासऱ्यांच्या नावाचा. घरात काडतूस एकही नाही आणि शेवटचा बार कधी उडाला हे कुणालाच आठवत नव्हतं. पण लग्न झालं तेव्हा मला बंदुकीचं काही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा मला लेक नव्हती.

लेकीला घरात सगळे खारूताई म्हणतात. दात आल्यापासून तिने दिसेल ती वस्तू आधी चावून बघायची आणि मग तिच्याशी ओळख करून घ्यायची असा नियमच केला आहे. आमच्या घरातल्या रिमोटपासून शेजाऱ्यांच्या छत्रीच्या मुठीपर्यंत सगळ्यांवर तिच्या वरच्या दातांची सही आहे. तिच्यापायी मी टेबलांच्या कोपऱ्यांना रबराच्या टोप्या घातल्या, विजेची भोकं बुजवली, फिनाइल माळ्यावर टाकलं, स्टुलाचे पाय कापून त्याला बुटकं केलं. आमच्या घरात आता मोठ्या माणसालाही इजा करून घ्यायची तर बाहेर जावं लागतं!

आणि मग एके दिवशी खारूताईने सासऱ्यांचं कपाट उघडलं.

काही झालं नाही. तिने एक रजई ओढली, तिच्यावर बसली आणि तिचं टोक चावत राहिली. पण रजईच्या मागून ते हिरवं कापड डोकावलं आणि मी लेकीला रजईसकट उचलून खोलीबाहेर आणलं.

"बाबा, ती बंदूक आता घरातून गेलीच पाहिजे," मी सासऱ्यांना म्हटलं.

"अगं, ती झोपलीय," सासरे पेपरातून मान वर न करता म्हणाले. "कित्येक वर्षं झोपलीय."

"झोपलेलं मूलसुद्धा उठतं हो बाबा! आणि नेमकं आपण ताटावर बसलो की उठतं!"

"बरोबर बोलतेय ती," आतून सासूबाई म्हणाल्या. "माझ्या बाकीच्या रजया ट्रंकेत कोंबून कोंबून कुबट झाल्या, आणि कपाटात राणीसरकार पसरल्यात! एवढा कप्पा मोकळा झाला तर..."

"तुझ्या रजयांसाठी मी वडिलांची आठवण बाहेर काढू?"

"वडिलांची आठवण भिंतीवर आहे की फोटोत! त्याला मी रोज पुसते. हिला तुम्ही वर्षातून एकदाच हात लावता!"

नवरा समोरच बसला होता. तो घरून काम करतो आणि कानाला हेडफोन लावतो. कामासाठी लावतो की आमच्यापासून सुटका म्हणून, हे मला आजवर कळलेलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने हेडफोन आणखी घट्ट दाबले.

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "ऐक. ती साधीसुधी बंदूक नाही. युरोपातल्या एका उमरावाने आपल्या हाताने माझ्या वडिलांना दिली. रानडुकराने त्याला झाडावर चढवलं होतं. वडिलांनी डुकराला हुसकावलं आणि त्याला खाली उतरवलं."

माझ्या लग्नात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो उमराव साधा इंजिनियर होता आणि रानडुकराच्या जागी एक भटकं कुत्रं होतं. पण मी ते काढण्याआधीच सासरे पुढे म्हणाले, "तू इतिहास शिकलीस ना? मग शोधून दाखव. ही कारखान्यातली साधी, गठ्ठ्याने निघालेली बंदूक आहे असं सिद्ध कर, त्याच दिवशी चौकीवर नेऊन जमा करतो. शब्द देतो!"

"आणि नाही सिद्ध झालं तर?"

"एखाद्या नामांकित कारागिराच्या हातची निघाली, तर मग ती कपाटात राहणार नाही."

"मग कुठे?"

"दिवाणखान्यात! भिंतीवर! चार माणसं बघतील अशी!"

"चालेल!" मी ताडकन म्हणाले. आतून सासूबाईंचं भांडं खाली पडल्याचा आवाज आला. पण मला खात्री होती. तुम्हीच सांगा, भटक्या कुत्र्यापासून वाचवल्याबद्दल कोण अस्सल बंदूक देतं?

थोडं वाचल्यावर मला कळलं की अशा बंदुकीचं कूळ तिच्या पोटाखाली असतं. नळ्या लाकडी दस्त्यापासून सुट्या केल्या की खालच्या बाजूला कारागिराचा ठसा दिसतो, धातूत खोल ठोकलेला. एरवी कितीही फिरवून बघा, काही दिसत नाही. आणि सासरे नळ्या सुट्या करायचे फक्त वर्षाच्या तेलपाण्याला. तोवर त्यांनी बंदुकीला कुणाला हात लावू दिला नाही. मी कॅलेंडरकडे बघत बसले.

तो दिवस उजाडला. बाल्कनीत जुनं वर्तमानपत्र पसरून सासऱ्यांनी बंदूक मोकळी केली. मी खारूताईला कडेवर घेऊन उंबऱ्यावर उभी, एखाद्या कावळ्यासारखी मान वाकडी करून. एवढ्यात दाराची बेल वाजली. पार्सलवाला होता, आणि सासऱ्यांनाच सही करायची होती.

"कुणी हात लावायचा नाही!" असं म्हणून ते गेले.

मी खारूताईला खाली ठेवलं आणि झडप घातली! नळ्यांच्या पोटाखाली काळ्या तेलाचा थर होता. मी बोटाने पुसला तर एक छोटं चिन्ह लागलं, बोटाला जाणवणारं पण डोळ्याला धड न दिसणारं. फोटो काढावा म्हणून फोन काढला, तर फोन मेलेला! सकाळपासून खारूताईने त्यावर नाचणाऱ्या बदकांची गाणी बघितली होती. बाहेर सासरे पार्सलवाल्याला सांगत होते, "सही इंग्रजीत करू की कशी करू?" म्हणजे वेळ थोडा होता.

लहान मुलाच्या आईच्या खिशात काय नसतं? रुमाल, बिस्किटाचा चुरा, एका पायाचा मोजा आणि क्लेचा गोळा! ती मुलांच्या खेळण्याची रंगीत माती असते ना, वाळली की आकार धरते पण दगडासारखी होत नाही, तीच. मी पिवळा गोळा काढला, चपटा केला आणि त्या चिन्हावर अंगठ्याने दाबला. उचलला तर काय! अगदी नाजूक, स्पष्ट, एक धावणारा कोल्हा त्यावर उमटला होता. झुपकेदार शेपटी, पुढचे दोन पाय हवेत, डोक्यावर छोटासा मुकुट.

मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी क्ले खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवला आणि तेलाचं बोट धुवायला गेले. परत येते तर खारूताई कट्ट्यावर! क्ले तिच्या हातात, हात तोंडाकडे निघालेला!

"टाक! टाक आधी!"

तिने टाकला. मी उचलून बघितला. कोल्हा शाबूत होता. वाचलं थोडक्यात!

सासरे आत आले तेव्हा मी लेकीला खिडकीतून चिमण्या दाखवत होते.

त्या दुपारी मी क्ले समोर ठेवून पेन्सिलीने मोठं चित्र काढलं. कॉलेजात चित्रकलेचं बक्षीस मिळालेलं आहे मला. उगीच नाही सांगत. कोल्ह्याचा केस न् केस उतरवला. मुकुटाची टोकं उतरवली. कोल्ह्याच्या पायाखाली एक बारीकशी चंद्रकोर होती, तीही उतरवली. इतिहासात बारीकसारीक गोष्टींनाच महत्त्व असतं, असं आमचे सर सांगायचे. चित्राचा फोटो काढून मी शहरातल्या संग्रहालयात जुन्या हत्यारांचं दालन सांभाळणाऱ्या गृहस्थांना पाठवला. त्यांचं नाव मी इथे सांगत नाही. त्यांच्या गळ्यात कायम एक भिंग लोंबत असतं, म्हणून आपण त्यांना भिंगवाले म्हणू.

मला वाटलं, चार ओळींचं उत्तर येईल. साधी बंदूक आहे, कळावे, धन्यवाद. त्यांचा फोनच आला! मी खारूताईला भरवत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"हे चित्र तुम्ही स्वतः काढलंत?" पलीकडून भिंगवाल्यांनी विचारलं.

"हो."

"जसंच्या तसं?"

"एक केस इकडचा तिकडे नाही."

"कोल्हा उजवीकडे धावतोय."

"हो. मग?"

ते म्हणाले, "जरा थांबा हं, पाणी पितो." आणि ते खरोखर पाणी प्यायले, मला घोट ऐकू आले.

"बाई, युरोपात दोन भाऊ बंदुका करायचे. त्यांचं चिन्ह मुकुटवाला कोल्हा, पण तो डावीकडे धावणारा. तशा बंदुका मला ढिगाने माहीत आहेत. पुढे भावांचं भांडण झालं. धाकट्याने समोरच्याच बाजूला वेगळं दुकान थाटलं आणि म्हणाला, माझा कोल्हा थोरल्याकडे पाठ करून धावेल! उजवीकडे! पहिल्याच हिवाळ्यात त्याचं दुकान जळालं. त्याच्या हातची एकही बंदूक आजवर कुणी पाहिलेली नाही. काही जण तर म्हणतात, असा कोल्हा कधी नव्हताच!"

"पण तरी साधीच असेल हो," मी घाईघाईने म्हटलं. "तुम्ही प्रत्यक्ष बघितली नाहीये. अगदीच साधी दिसते. दस्त्यावर ओरखडेसुद्धा आहेत!"

"तुम्ही फार नम्र आहात. आणि ती चंद्रकोर!"

"तिचं काय?"

"तिचा उल्लेख कुठेच नाही! म्हणजे ही बंदूक त्याने कुणा खास माणसासाठी केली असणार. एखाद्या उमरावासाठी!"

माझ्या मागे कपबशी वाजली. सासरे दारात उभे होते. त्यांची छाती इतकी फुगली होती की सदऱ्याचं वरचं बटण केविलवाणं दिसत होतं.

"उमरावासाठी," ते हळूच म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

त्यानंतर घराचा ताबा कोल्ह्याने घेतला.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. काचेचं कपाट, आत मखमल, वर दिवा. "कुठे लावायचं?" सुताराने विचारलं. सासरे दिवाणखान्यात गोल फिरले आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे. इथे उजेड छान पडतो." त्या कोपऱ्यात खारूताईची सतरंजी, बाहुल्या आणि लाकडी ठोकळे होते. म्हणजे ज्या बंदुकीला मी घराबाहेर काढायला निघाले होते, ती माझ्याच कर्तृत्वाने लेकीच्या डोक्यावर येऊन बसणार होती!

"बाबा, तिथे ती खेळते!"

"खेळू दे की. इतिहासाच्या सावलीत खेळेल!"

"सूनबाई," सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुला बंदूक घालवायला सांगितली होती ना गं? तू तर तिचं बारसं करून बसलीस!"

"आई, मला काय माहीत तो धाकटा भाऊ मध्येच तडमडेल!"

"आणि माझ्या रजया?"

"कप्पा मोकळा झालाच की आता."

"हो, आणि दिवाणखाना गेला! पाहुण्यांना काय आता कप्प्यात बसवू?"

सासऱ्यांच्या बहिणीला, म्हणजे नवऱ्याच्या आत्याला, ही बातमी कळली आणि तिचा फोन आला. "दादा, बंदूक बाबांची होती. म्हणजे माझाही वाटा लागतो!"

"अगं, बंदुकीचा वाटा कसा करायचा?"

"का? दोन नळ्या आहेत ना? एक माझी!"

त्यावर सासरे तासभर बोलत होते. ठरलं असं, की नळी जागेवरच राहील पण आत्याची समजली जाईल. उजवी की डावी, यावर पुन्हा एक फोन झाला.

गोष्टही रोज वाढत होती. दूधवाल्याला सांगताना उमरावाचा राजपुत्र झाला. खालच्या मजल्यावरच्या वकिलांना सांगताना डुकरं दोन झाली. इस्त्रीवाल्यापर्यंत पोचताना त्यातलं एक डुक्कर अस्वल होतं. "बाबा," मी एकदा न राहवून विचारलं, "अस्वलाला झाडावर चढता येतं ना? मग राजपुत्र वाचला कसा?" सासरे म्हणाले, "म्हणून तर वडिलांना जावं लागलं!"

मी रात्रंदिवस एकच प्रार्थना करत होते: भिंगवाल्यांनी प्रत्यक्ष येऊन बघावं आणि त्यात काहीतरी खोट निघावी. ते येणारच होते. त्यांना दम निघत नव्हता.

ते आले त्या दिवशी दिवाणखान्यात आत्या आपल्या नळीवर नजर ठेवून बसली होती. वकील आले होते. नवऱ्यानेसुद्धा एका कानावरचा हेडफोन मागे सरकवला होता. खारूताईला मी मांडीत गच्च धरलं होतं. सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि काचेचं कपाट दिवा लावून उघडं ठेवलं होतं, नव्या नवरीच्या खोलीसारखं.

भिंगवाल्यांनी पांढरे हातमोजे चढवले. सासऱ्यांनी बंदूक दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. भिंगवाल्यांनी नळ्या सुट्या केल्या, मऊ फडक्याने तेल पुसलं, भिंग डोळ्याला लावलं आणि वाकले.

आत्याने खुर्ची पुढे ओढली.

भिंगवाल्यांनी भिंग पुसलं. पुन्हा वाकले. मग नळ्या उलट्या फिरवून बघितल्या, मग त्या सरळ धरून स्वतःच उलटे वाकून बघितलं.

"डावीकडे," ते म्हणाले.

"डावीकडची नळी माझी," आत्या म्हणाली.

"नळी नाही हो, कोल्हा! कोल्हा डावीकडे धावतोय!"

"असं कसं?" सासरे पुढे झाले. "नीट बघा. चित्रात तर उजवीकडे आहे!"

"आणि चंद्रकोरही नाही." भिंगवाल्यांनी खिशातून माझ्या चित्राची प्रत काढली आणि माझ्याकडे वळले. "बाई, हे चित्र तुम्ही बंदुकीवरून काढलंत ना?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मला आतून आनंदाची उकळी फुटत होती आणि कान मात्र गरम व्हायला लागले होते. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"बंदुकीवरून म्हणजे... अगदी थेट नाही," मी म्हटलं. "मी ठसा घेतला होता. क्लेवर." आणि उठून शिवणाच्या डब्यातून तो पिवळा क्ले आणून त्यांच्या हातावर ठेवला. कोल्हा होता. मुकुट होता. चंद्रकोर होती. उजवीकडे धावत होता.

भिंगवाले काही बोलले नाहीत. भला माणूस. बोलला आमचा नवरा, ज्याला एरवी बोलतं करायला वीज जावी लागते.

"तू तिला रोज बटाट्यावर नक्षी कोरून ठसे काढून देतेस ना?"

"हो."

"बटाट्यावर बदक उजवीकडे बघत असलं तर कागदावर कुठे बघतं?"

मी आधी क्लेकडे बघितलं, मग बंदुकीकडे.

"नाही, फक्त विचारलं," तो म्हणाला आणि हेडफोन पुन्हा कानावर ओढला.

"म्हणजे ठसा उलटा उमटला," भिंगवाले हळू आवाजात म्हणाले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. धाकट्या भावाचं दुकान त्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांदा जळत होतं. "ठीक आहे, होतं असं. पण ही चंद्रकोर? ती कुठून आली?"

तेवढ्यात मी उठताना मांडीवरून सुटलेली खारूताई त्यांच्यापाशी पोचली. आपला क्ले परक्या माणसाच्या हातात बघून तिने तो हिसकावला आणि ओळख पटवायला कचकन चावली. मग त्यांना परत दिला. ती तशी शहाणी आहे.

क्लेवर चंद्रकोरी आता दोन होत्या. अगदी एकसारख्या. पहिली तशी वाळलेली होती, दुसरी ओली चमकत होती.

भिंगवाल्यांनी भिंग लावून आधी क्ले पाहिला, मग वाकून खारूताईचे वरचे दात पाहिले. "उमराव सापडला," ते म्हणाले, आणि वकिलांना जो ठसका लागला तो त्यांना घरी पोचवेपर्यंत थांबला नाही.

"मग ही बंदूक..." सासऱ्यांचा आवाज बारीक झाला होता.

"थोरल्या भावाच्या कारखान्यातली. चांगली आहे, मजबूत आहे. पण पेट्या भरभरून बोटीने यायच्या अशा. खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात टांगलेल्या असायच्या. आमच्याच तळघरात पाच-सहा असतील पडलेल्या."

"माझी नळी तूच ठेव हो दादा," आत्या उठत म्हणाली. "उगाच मला धूळ पुसायचं काम नको."

सासूबाई तर आधीच उठून गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर रजयांचा एवढा ढीग होता की चेहरा दिसत नव्हता. ढिगामागून आवाज आला, "म्हणजे कप्पा कायमचा मोकळा ना?"

मी जिंकले होते! साधी बंदूक, गठ्ठ्याने निघालेली, खुद्द तज्ज्ञाने सिद्ध केलेली! आता नुसतं म्हणायचं होतं, बाबा, शब्द दिला होतात. पण सासरे खुर्चीत बसले होते आणि सुट्या नळ्या मांडीवर घेऊन त्या अंगठ्याने पुसत होते. सकाळी इतका ताठ असलेला तो सदरा आता त्यांच्या अंगावर दोन मापं मोठा वाटत होता. पाहुणे गेल्यावर मी चहा करून त्यांच्यापुढे ठेवला आणि उगाच तिथेच घुटमळले.

"चौकीवर उद्या जाऊ," तेच म्हणाले. "दिला शब्द तो दिला."

"घाई नाही बाबा." हे माझ्या तोंडून कसं आलं देव जाणे.

"अगं, घाई तुलाच होती." ते जरासे हसले. "एक सांगू? माझ्या वडिलांनी या बंदुकीचा बार कधी काढलाच नाही. त्यांना आवाजाची भीती वाटायची. दार आपटलं तरी दचकायचे. मी लहान असताना विहिरीवर जाळी ठोकली, माडीच्या कठड्याला दोऱ्या बांधल्या, सुऱ्या कुलपात ठेवल्या. बंदूक बहुतेक त्यासाठीच घेतली असेल. असली की चोर येत नाहीत म्हणून."

"आणि उमराव? रानडुक्कर?"

"एक कुत्रं होतं," सासरे म्हणाले. "वडील त्याला घाबरून झाडावर चढले होते. खाली कुणी उतरवलं, ते काही मला माहीत नाही." मग कप उचलून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला बघितलं की मला त्यांची फार आठवण येते."

याला कौतुक समजावं की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण त्या दिवशी बशी उचलताना माझे डोळे जरा भरून आले, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चौकीवर गेलो. तिथल्या हवालदाराने बंदूक घेतली, सासऱ्यांची सही घेतली, आणि ती कोपऱ्यात आधीच उभ्या असलेल्या आठ-दहा बंदुकांच्या ओळीला टेकवून ठेवली. सासऱ्यांनी दारातून एकदा वळून पाहिलं आणि त्यांना त्या ओळीत आपली कुठली ते ओळखू आलं नाही. परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडताना दोघांनीही एकाच वेळी एकमेकांचा हात धरला आणि दोनदा दोन्हीकडे बघितलं.

राहिलं ते काचेचं कपाट. सुतार ते परत घेईना. "मापाने केलंय," म्हणाला. रिकामं, दिवा लागलेलं, मखमलीचं. सासरे दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यात तो पिवळा क्ले ठेवला.

आता ते येणाऱ्याजाणाऱ्याला कपाटापाशी नेतात आणि सांगतात, "उजवीकडे धावणारा कोल्हा! खाली जोड-चंद्रकोर! जगात दुसरा सापडणार नाही. तज्ज्ञांनी स्वतः पाहिलाय!" आणि यातला एकही शब्द खोटा नाही. परवा इस्त्रीवाल्याने अस्वलाचं काय झालं म्हणून विचारलं, तर सासरे म्हणाले, "चावलं!"

खारूताई मात्र या व्यवस्थेवर खूश नाही. बंदुकीकडे तिने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, हे आता माझ्या लक्षात येतंय. क्ले तिचा आहे आणि तो तिला हवा आहे. ती बुटकं स्टूल ओढत नेते, त्यावर उशी ठेवते, उशीवर ठोकळे रचते आणि काचेला धडका मारते. काचेला! जिला धारदार कडा असतात, आणि कपाटाला लाकडी टोकदार कोपरे! मी दिवसभर त्या कोपऱ्यात राखणीला बसलेली असते. भाजीही तिथे बसूनच निवडते.

काल रबराच्या टोप्या आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, मागच्याच महिन्यात एवढ्या नेल्यात की हो! घरात असं आहे तरी काय?"

"एक फार धोक्याची वस्तू आहे," मी म्हटलं.

"बंदूक-बिंदूक आहे की काय?" तो हसत म्हणाला.

"नाही हो," मी म्हटलं. "ती परवडली होती!"